रामकिशनभाऊंचे पाणी

सिद्धम्मांची सून लक्ष्मम्मा, लक्ष्मम्मांची सून शरणम्मा आणि शरणम्मांची सून दानम्मा. लातूरच्या गंजगोलाईमागील त्या गल्लीत या घराची वंशावळ अशीच सांगत असत, कारण या घरातील पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या फक्त आडत चालवली. पुरुषांना चालवण्याचे काम सुनांकडे होते. सिद्धम्मांनी घराला एक नियम घालून दिला आणि पुढच्या दोघींनी तो काडीइतकाही वाकू दिला नाही. अडल्या वेळी ज्याचे पाणी प्यालो, त्याच्या शब्दाला नाही म्हणायचे नाही. आणि हे बंधन कधी सुटायचे, तर त्याच्या अडल्या वेळी त्याला आपल्या हातचे पाणी जाईल तेव्हा. पाहुणा म्हणून प्यालेले पाणी यात धरत नसत. तसे धरले असते तर लिंगायत घरातील एकही विहीणबाई दुसरीच्या घरी पाय ठेवू शकली नसती.

बहात्तरच्या दुष्काळात दानम्मांच्या घराने एक अख्खा उन्हाळा शेजारच्या रामकिशनभाऊंच्या आडाचे पाणी प्यायले. सगळी गल्लीच ते प्यायली होती, परंतु बाकीच्यांचे पाणी पहिल्या पावसाबरोबर विसरले गेले. दानम्मांना विसरण्याची सोय नव्हती. रामकिशनभाऊ कापडाचे दुकानदार होते, स्वभावाने सज्जन होते, आणि सल्ला देणे हा त्यांचा दुकानापेक्षा मोठा उद्योग होता. त्यांच्या सल्ल्यावरून दानम्मांनी परसात निलगिरीची झाडे लावली. त्या झाडांनी परसातील विहीर पिऊन टाकली. त्यांच्याच सल्ल्यावरून दुभती म्हैस विकून घरात शिवणयंत्र आले, ज्यावर शिवणारे कोणी नव्हते. प्रत्येक वेळी दानम्मा मान ताठ ठेवून "हाव" म्हणत आणि मग देवघरात जाऊन इष्टलिंगाला जे सांगायचे ते सांगत.

यजमानांच्या मागे आडत पाहणारा दानम्मांचा एकुलता एक मुलगा मन्मथ औशाच्या रस्त्यावर जीपखाली गेला. तेराव्या दिवशी बायकांनी सून शिवगंगा हिच्यासाठी पांढरे लुगडे आणले, तेव्हा दानम्मांनी ते उंबऱ्यावरूनच परत केले. "माझ्या घरात पांढरी फक्त विभूती," एवढेच त्या बोलल्या. पुढे आडत बुडाली. ती कोणी बुडवली नाही. दोन वर्षे पाऊस नाही म्हटल्यावर बाजारात तूर नाही, करडई नाही, आणि माल नसलेल्या आडत्याला गादीवर बसून माश्या मारण्याखेरीज दुसरे काम राहत नाही. शिवगंगा मॅट्रिक होती, तीही शास्त्र विषय घेऊन. तिने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही गोष्ट दानम्मांनी मनाशी पक्की केली होती. आपल्यामागे ही पोर निलंग्याला भावाच्या घरी भाकरी थापत बसणार, या विचाराने त्यांचा घास अडे. ती उभी कशावर राहणार, तेवढे ठरायचे बाकी होते.

ते रामकिशनभाऊंनी ठरवले. आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र घेऊन ते ओसरीवर आले आणि त्यांनी सविस्तर समजावून सांगितले की, लातूर आता जिल्हा झालेला आहे. जिल्हा म्हटला की दवाखाने आले, दवाखाने आले की डॉक्टर आले, आणि डॉक्टर म्हणजे मोठा माणूस, तो काही हाताने पट्टी बांधत नाही. त्याला वैद्यकीय सहायक लागतो. नांदेडला गोदाकाठ वैद्यकीय सहायक प्रशिक्षण केंद्र नावाची एक नामांकित संस्था निघालेली आहे. वर्षभराचा अभ्यास, मग तालुक्याच्या दवाखान्यात जागा, मग बढती. "वहिनी, दहा वर्षांत तुमची सून खुर्चीवर बसून डॉक्टरला विचारून राहील, का हो डॉक्टर, उशीर का झाला?" असे ते म्हणाले. दानम्मांना यातील एक अक्षरही खरे वाटले नाही. त्या म्हणाल्या, "हाव."

संस्थेला रहिवासी दाखला हवा होता. तो काढण्यासाठी दानम्मा सुनेला घेऊन कचेरीत गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि सांगितले की, अर्जदार बाई जुन्या जिल्ह्यात जन्मल्या, जुन्या जिल्ह्यात त्यांचे लग्न झाले, आणि राहतात मात्र नव्या जिल्ह्यात. दाखल्यासाठी जिल्ह्यातील पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते. दानम्मांनी शांतपणे विचारले, जिल्हा होऊन किती वर्षे झाली? कारकुनाने बोटे मोजली आणि चार-पाच असे सांगितले. तेव्हा दानम्मा समोरच्या बाकावर मांडी घालून बसल्या. "मग जिल्ह्याला आधी पंधरा वर्षांचा होऊ द्या. आम्ही हितंच बसतो."

त्या खरोखरच बसल्या. दुपारपर्यंत कारकुनाला दया आली आणि त्याने शिपायाकडून त्यांच्यासाठी पेला भरून पाणी पाठवले. बाहेर टँकरपुढे घागरींची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली होती आणि दानम्मांच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. त्यांनी पेल्याकडे असे पाहिले, जणू त्यात विंचू पोहत आहे. जन्मभर एका कारकुनाला नाही न म्हणण्यापेक्षा तहान बरी. त्या पाणी पीत नाहीत आणि उठतही नाहीत, हे पाहून साहेबांनी दाखला दिला. "सदर व्यक्ती जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वीपासून जिल्ह्यात राहते," असे त्यावर लिहिलेले होते. दानम्मांना तो मजकूर आवडला. त्यांच्या मते तो त्यांच्या सर्व घराण्यालाच लागू होता.

प्रशिक्षणाचा गणवेश पांढरी साडी होता. ही बातमी रामकिशनभाऊंनी स्वतः आणली आणि कापडही स्वतःच आणले. नीळ देऊन धुतल्यास टिकेल, असा सल्ला त्यांनी त्यासोबत दिला. दानम्मा त्या ठाणाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. शिवगंगेने ते सासूच्या पुढ्यातून उचलले आणि म्हणाली, "अम्मा, हे न्हवऱ्यासाठी न्हाई. नोकरीसाठी हाय. दोन्ही पांढरं येगळं असतं."  सून अगदी मुकी नाही, ही नोंद दानम्मांनी त्या दिवशी मनात घेतली.

सुनेला एकटी पाठवण्याचा प्रश्न नव्हता. नांदेडच्या वजिराबादेत एका गच्चीवरची खोली घेऊन सासू-सून राहू लागल्या. लातूरहून निघताना दानम्मांनी पाण्याने भरलेली पितळी कळशी मांडीवर घेतली आणि एस.टी.त नांदेडपर्यंत ती खाली ठेवली नाही. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी पाणी घेऊन चाललेली ही बाई पाहून कंडक्टर हसला. पण गंगेत त्या वर्षी पाण्यापेक्षा गाढवेच अधिक होती. नगरपालिकेचा नळ मात्र दानम्मांनी चालवून घेतला. सरकारी पाण्याचे बंधन लागत नाही, असा त्यांनी निकाल दिला. कारण सरकारला नाही म्हणण्याची वेळच येत नाही, ते काम ते स्वतःच करते.

संस्था एका सायकलच्या दुकानावर होती. एक खोली, भिंतीवर हाडांचा तक्ता, आणि प्राचार्य सिद्धेश्वर. हे गृहस्थ पूर्वी औषधांचे नमुने घेऊन डॉक्टरांची दारे झिजवत असत. आता गळ्यात नळी अडकवून सायकलवर फिरत. शिकवण्यापेक्षा भविष्य सांगण्यावर त्यांचा भर अधिक होता. आज सहायक, उद्या वरिष्ठ सहायक, परवा अधीक्षक, अशी शिडी ते खडूने फळ्यावर काढत आणि तास संपला की पुसून टाकत. दानम्मा मागच्या बाकावर बसत. फी एकीची आणि बसतात दोघी, अशी प्राचार्यांनी एकदा कुरकुर केली. तेव्हा दानम्मांनी त्यांना विचारले की, फळ्यावरची ती शिडी वर कशाला टेकलेली आहे. त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही.

सुई टोचण्याचा सराव दुधी भोपळ्यावर होत असे. प्रत्येक विद्यार्थिनीने आपला भोपळा आणायचा, त्यात सिरिंजने पाणी सोडायचे, आणि संध्याकाळी तो रुग्ण घेऊन घरी जायचे. दुष्काळात भाजी दिसत नव्हती, म्हणून दानम्मा तो भोपळा रात्री चिरत. तो इतका मुरलेला असे की कढईत न टाकताच शिजल्यासारखा लागे. "या रुग्णाला फार झालंय," असे शिवगंगा म्हणे आणि दोघी मुकाट्याने जेवत. भोपळ्याच्या पलीकडे मात्र शिक्षण सरकत नव्हते. माणसाच्या अंगाला हात लावू द्या, असा आग्रह दानम्मांनी धरला, तेव्हा प्राचार्यांनी नाइलाजाने आपल्या मित्राच्या लहानशा दवाखान्यात शिवगंगेला सकाळी जाण्याची परवानगी दिली. दानम्मा अर्थातच बरोबर गेल्या आणि औषधांच्या मेजामागे जाऊन बसल्या. मेजामागे बसले की माणूस दुकानदार होतो. त्यांच्या घराण्यात तर मेजामागे बसणाऱ्याला दुसरे काही होताच येत नाही.

एका सकाळी डॉक्टर अद्याप आलेले नव्हते आणि शिवगंगा आतमध्ये पट्ट्या उकळत होती. एक गृहस्थ आत आले. ते काही मागत नव्हते, नुसते भिंतींकडे, बाटल्यांकडे, पाटीकडे पाहत होते. आणि मग "ठीक आहे, येतो," म्हणून वळले. आता सकाळची भवानी, म्हणजे पहिले गिऱ्हाईक, रिकाम्या हाताने परत गेले तर सगळा दिवस बुडतो, हे बाजारपेठेतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. सिद्धम्मांच्या काळी पहिल्या गिऱ्हाइकाला माल पसंत पडला नाही तर मूठभर फुटाणे देऊन पाठवत, पण पाठवत काहीतरी देऊनच. दानम्मांनी त्यांना थांबवले. मला काही झालेले नाही, असे त्या गृहस्थांनी सांगून पाहिले. दानम्मांनी त्यांच्या डोळ्यांखाली बघितले, त्यांना ते पिवळट दिसले, आणि संत्र्याच्या सरबतात एरंडेलाची एक सढळ मात्रा ढवळून त्यांनी पेला पुढे केला. गृहस्थांनी विचारले की, तुम्ही कोण? दानम्मा म्हणाल्या, "मी कोण ते नंतर. आधी प्या." त्या असे म्हणाल्या की माणसे पितात. ते प्याले.

ते आरोग्य खात्याचे तपासनीस होते. या गावात सहायक घडवण्याच्या नावाने जी दुकाने निघाली आहेत, त्यांना परवाना आहे की नाही, हे पाहायला ते आले होते, आणि सुरुवात त्यांनी विद्यार्थिनी जिथे हात चालवतात त्या दवाखान्यापासून केली होती. तो सबंध दिवस त्यांनी नांदेडच्या बसस्थानकामागे कोणत्या अवस्थेत काढला, आणि तिथल्या नळाला दुष्काळामुळे पाणी नव्हते, या गोष्टींचा तपशील देणे सभ्यपणाचे होणार नाही. अहवाल मात्र त्यांनी उभ्यानेच लिहिला, असे सांगतात. आठवडा जाण्यापूर्वी संस्थेच्या दाराला कुलूप लागले. प्राचार्य सायकलसह दिसेनासे झाले. हाडांचा तक्ता तेवढा खाली दुकानदाराने ठेवून घेतला, कारण भाडे थकले होते.

शिवगंगा बंद दारासमोर उभी राहिली. वर्ष अर्धे गेले होते, घरातील उरलेसुरले सोने फीमध्ये गेले होते, आणि हाती आलेली विद्या म्हणजे भोपळा टोचण्याची. परतण्याची भाषा तिने काढली. दानम्मांना त्या क्षणी प्रथमच असे वाटले की एरंडेल जरा अधिक पडले असावे. पण हे बोलून दाखवण्याची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. त्यांनी पदर खोचला, रिकामी कळशी काखेत मारली आणि सून पाठोपाठ येत आहे की नाही हेही न पाहता त्या मोठ्या सरकारी दवाखान्याकडे चालू लागल्या.

तिथे दवाखान्याबाहेरचा दवाखाना मोठा झाला होता. टँकरच्या, डबक्याच्या, मिळेल त्या पाण्याने खेड्याखेड्यांत हगवणीची साथ उठली होती. व्हरांड्यात, जिन्याखाली, झाडाखाली माणसे आडवी होती. झाडांना बाटल्या टांगल्या होत्या, जणू त्या वर्षी झाडांना तेवढेच फळ आले होते. वॉर्डाच्या मुख्य सिस्टरचे नाव पंचशीला होते. दानम्मांनी तिच्यासमोर उभे राहून, लग्नाच्या बोलण्यासाठी आल्याप्रमाणे, गाव आणि घराणे विचारले. ती सुई भरत होती. तिने वर पाहिले नाही.

"गाव हिमायतनगर. माय धुरपताबाई, मजुरी करून राहायची. आन घराण्याचं म्हणाल तर आजी, हितं घराणं कोणी विचारत न्हाई. रक्ताचा गट विचारतात."

दानम्मांना आजवर कोणी आजी म्हटले नव्हते. नातवंडे नसल्यामुळे ती वेळच आली नव्हती. काही सुनवावे म्हणून त्यांनी तोंड उघडले, आणि तोंड उघडले असतानाच त्या खाली कोसळल्या. गच्चीवरच्या नळाला दोन दिवस पाणी आले नव्हते आणि शेजारणीचे पाणी त्यांनी घेतले नव्हते, इतकेच त्याचे कारण होते. शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांचे डोके पंचशीलेच्या मांडीवर होते, पंचशीलेच्या माठातला पेला त्यांच्या ओठांना लावलेला होता, आणि तो रिकामा होता.

शिवगंगा बाजूला उकिडवी बसली होती. ती हळूच म्हणाली, "अम्मा, तुम्ही पाणी प्यालात."

"काय प्याले ते मला ठाव हाय," दानम्मा म्हणाल्या.

सिद्धम्मांपासून चार पिढ्या त्या घरात कोणी अशा घरचे पाणी प्यालेले नव्हते, आणि आता ते पिणारी बाई त्याच पाण्याने बांधली गेली होती. दानम्मांनी नियमात कुठे पळवाट सापडते का, म्हणून आडवे पडून पुष्कळ शोधले. पाणी ते पाणी; सिद्धम्मांनी कोणाचे, हे सांगितलेच नव्हते. पंचशीलेला यातले काही ठाऊक नव्हते. तिला माणसे कमी पडत होती, एवढेच ठाऊक होते. "बरं वाटतंय ना? मग उठा आजी, ती बाटली उंच धरा. आन तुम्ही, पांढऱ्या साडीवाल्या, इकडं या. शीर शोधता येती का?"

येत नव्हती. भोपळ्याला शिरा नसतात. परंतु तो उन्हाळा सरेपर्यंत शिवगंगेला अंधारातही शीर सापडू लागली. पंचशीला शिव्या घालून शिकवत असे आणि शिकवून झाल्यावर आपल्या डब्यातली चटणी पुढे करत असे. संस्थेच्या सहा महिन्यांत जे कळले नाही ते एका पंधरवड्यात कळले: लहान मुलाची टाळू खोल गेली की धावायचे, लघवी झाली की हसायचे, आणि नातेवाईक रडत असतील तर त्यांच्या हाती पंखा द्यायचा. दानम्मांच्या वाट्याला मीठ-साखरेचे पाणी ढवळणे आले आणि त्याहून खालची कामेही आली. पंचशीला सांगे आणि त्या "हाव" म्हणत. ज्या हातांनी कधी घरातले ताट विसळले नव्हते, त्या हातांनी त्यांनी तिथे काय काय धुतले, याविषयी त्यांनी लातूरला कधीही वाच्यता केली नाही. एका दुपारी किनवटकडच्या एका मजुराची बाटली उंच धरून त्या उभ्या होत्या. हात भरून आला तरी त्यांनी खाली घेतला नाही. बऱ्याच वेळाने पंचशीलेने येऊन त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि ती शेजारच्या खाटेकडे नेली. मजूर मघाशीच गेला होता. पाणी थेंब थेंब चालूच होते, म्हणून दानम्मांना कळले नाही.

पावसाळा आला आणि कोरडाच गेला. साथ मात्र लातूरला पोचली. नव्या जिल्ह्याला अद्याप पुरेसे दवाखाने नव्हते, म्हणून एका शाळेच्या वर्गांतून खाटा टाकल्या गेल्या आणि हाताला सवय असलेली माणसे रोजावर घेतली जाऊ लागली. सासू-सून लातूरला परतल्या आणि शिवगंगेला तिथे काम लागले. रामकिशनभाऊंनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलेल्या त्या उज्ज्वल भविष्यातली ही पहिली प्रत्यक्ष नोकरी. तिची मुदत साथ संपेपर्यंत होती. त्यामुळे सकाळी देवापुढे बसल्यावर नेमके काय मागावे, हे दानम्मांना कळेनासे झाले. साथ लवकर जाऊ दे, म्हणावे तर सुनेची नोकरी जाते. राहू दे, म्हणावे तर जीभ झडेल. अखेर त्या नुसते डोळे मिटून बसू लागल्या आणि निर्णय देवावर सोपवू लागल्या. असे त्यांनी यापूर्वी कधी केले नव्हते.

गल्लीचा मात्र धीर सुटला. ही बाई रोज साथीच्या दवाखान्यातून आमच्या गल्लीत येते, आमच्या दारांवरून जाते, उद्या आमच्या घरात कोणी पडले तर? हे सर्वांच्या वतीने सांगण्यासाठी रामकिशनभाऊ आले. ते दारातच उभे राहिले, नाकाला रुमाल लावून. प्रशिक्षणाचा सल्ला आपला होता, याची त्यांना लाजही वाटत असावी. एकदा सून गेली म्हणजे तो विषयही जाणार होता.

"वहिनी, लई झालं. पोरीला निलंग्याला भावाकडं धाडून द्या. येत्या सोमवारी माझा गाडीवाला त्याच बाजूला जाऊन राहिलाय, त्यातच बसवा."

आणि दानम्मा, ज्यांनी याच एका गोष्टीसाठी एवढे सगळे सोसले होते, त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "हाव."

त्याच संध्याकाळी किराणा दुकानाच्या फोनवर पंचशीलेचा निरोप आला. किनवटला मुलींच्या वसतिगृहात आरोग्य सहायक बाईची जागा भरायची होती. कागद नसला तरी चालेल, हात पाहिला आहे, असे तिने तिथल्या लोकांना बजावून ठेवले होते. साथीवर अवलंबून नसलेली, बाराही महिने टिकणारी जागा. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला रुजू व्हायला हवे. शिवगंगा सासूपुढे बसली. ती रडली नाही.

"अम्मा, पंचशीलाताईला तुम्ही न्हाई म्हणू शकत न्हाई. भाऊंनाबी म्हणू शकत न्हाई. मी जाऊ कुठं?"

तीन सासवांच्या शहाणपणात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. दानम्मा ती रात्र भिंतीला टेकून बसून राहिल्या. ट्रंक भरलेली होती, आणि ती कुठे जाणार हे मात्र ठरलेले नव्हते.

सोमवार उजाडण्यापूर्वी रामकिशनभाऊ आडवे झाले. त्यांचा स्वतःचा आड त्या वर्षी प्रथमच आटला होता आणि त्यांनी टँकरचे पाणी न उकळता प्यायले होते. उकळल्याने पाण्याचे सत्त्व जाते, असे त्यांचे मत होते. दानम्मा त्यांना शाळेत घेऊन आल्या तेव्हा भाऊंचे डोळे खोल गेले होते आणि हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. डॉक्टर दुसऱ्या वर्गात होते. सलाइनची बाटली एकच शिल्लक होती, पुढचा साठा वाटेत होता. तोवर तोंडाने पाणी जायला हवे होते. दानम्मांनी मीठ-साखरेचे पाणी ढवळले आणि पेला त्यांच्या ओठांशी नेला.

रामकिशनभाऊंनी तोंड फिरवले. हा नियम सगळ्या गल्लीला ठाऊक होता. त्यांना तर चौदा वर्षे त्याचा अनुभव होता.

"न्हाई वहिनी," ते क्षीण आवाजात म्हणाले. "तुमच्या हातचं न्हाई. फिटंल ते."

"फिटू द्या की."

"मग माझं ऐकंल कोण?"

दानम्मांनी पेला खाली ठेवला. हा माणूस मरत होता, आणि त्याला त्याची फिकीर नव्हती. आपण दिलेल्या सल्ल्याला गल्लीत एकही हक्काचा होकार उरणार नाही, याची होती. राग यावा तेवढी त्यांना त्याची कीव आली. तोवर शिवगंगेने शीर शोधून सुई घातली होती. शाळेत स्टँड नव्हता, झाडही नव्हते. बाटली दानम्मांनी घेतली आणि हात उंच केला.

रामकिशनभाऊंनी डोळे किलकिले करून नळीतून येणारे पाणी पाहिले. वरती दानम्मांचा हात पाहिला. मग त्यांनी ती शंका विचारली, जी सिद्धम्मांनाही सुचली नसती. "वहिनी, शिरंतून गेलेलं पाणी धरतं का हो?"

धरत नाही, म्हटले असते तर ते निमूट पडून राहिले असते. पण मग बहात्तरचे पाणी तसेच राहिले असते, आणि ट्रंक निलंग्याला गेली असती. धरते, म्हटले तर ते सुई उपटण्याचा संभव होता.  खोटे बोलून फेडलेले पाणी फिटत नाही, एवढे कळण्याइतक्या दानम्मा तीन सासवांच्या सून होत्या.

"धरतं," त्या म्हणाल्या.

रामकिशनभाऊंनी दुसरा हात सुईकडे नेला. शिवगंगेने तो हात मनगटाशी पकडला आणि गादीवर दाबून ठेवला. "काका, ही काढली तर दुसरी घालावी लागंल. आन तुमची शीर लवकर घावत न्हाई. चार-पाच ठिकाणी टोचून बघावं लागंल."

काकांनी हात सैल सोडला. बाटली संपेपर्यंत दुपार कलली. दानम्मांचा हात खांद्यापासून निखळल्यासारखा झाला होता. त्या वारंवार खाली वाकून तो माणूस श्वास घेत आहे ना, हे पाहत होत्या, कारण थेंबांवर त्यांचा आता विश्वास राहिलेला नव्हता. शेवटचे थेंब पडत असताना रामकिशनभाऊंच्या ओठांची हालचाल झाली. पुढचा साठा अजून यायचा होता. त्यांनी मेजावरच्या पेल्याकडे पाहिले, मग दानम्मांकडे पाहिले आणि मग पुन्हा पेल्याकडे.

"द्या," ते म्हणाले.

त्यांनी तो पेला संपवला आणि दुसरा मागितला. दानम्मा भरत राहिल्या आणि ते पीत राहिले. संध्याकाळी त्यांना लघवी झाली, तेव्हा शिवगंगा हसली. अंगात थोडे बळ आल्याबरोबर रामकिशनभाऊ कोपरावर उठले, त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजाच्या जवळपास जाणाऱ्या आवाजात सुरुवात केली.

"वहिनी, त्या गाडीवाल्याला मी निरोप धाडतो. सोमवार हुकला तरी गुरुवारी..."

"न्हाई," दानम्मा म्हणाल्या.

रामकिशनभाऊ वाक्याचा उरलेला भाग येण्याची वाट पाहत राहिले. तो आला नाही. चौदा वर्षे तोंडात फिरलेला तो शब्द बाहेर पडला तेव्हा अगदी लहान होता. दानम्मांना वाटले होते तो याहून मोठा असेल.

"न्हाई म्हणजे?"

"शिवगंगा किनवटला जाणार. तुमच्या आडाचं पाणी आज फिटलं, रामकिशनभाऊ, शेवटच्या थेंबापातूर."

 शिवगंगेने रामकिशनभाऊंच्या हातातील सुई काढली, कापसाचा बोळा दाबला आणि त्यांच्याच दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर ठेवून दिला. दाराशी दोघे जण एका बाईला चादरीतून घेऊन उभे होते. आत ठेवायला जागा नव्हती.

दानम्मांनी एकदा त्या बाईकडे पाहिले आणि एकदा खाटेकडे.

"आता बसता येतंय ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग उठा. खाट मोकळी करा."

रामकिशनभाऊ उठले.